आकड्याचा धनी कोण?

मेडिसिन वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक प्रश्न रोज विचारला जातो. "सिस्टर, किती दिवस?" विचारणारा बहुधा थोरला मुलगा असतो, कधी जावई, कधी गावचा सरपंच. आवाज खाली आणलेला असतो आणि पाठ दाराकडे केलेली असते, कारण ज्याच्याविषयी विचारायचं तो माणूस आत खाटेवर जागा असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पोटात पाणी भरलेले, पाय सुजलेले सिरॉसिसचे, म्हणजे यकृत निकामी होत जाण्याच्या आजाराचे, रुग्ण मी तरुणपणापासून पाहिले. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न इतर आजारांपेक्षा निराळा आहे आणि तो धर्माचाही आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, म्हणून ते नीट मांडते.

पूर्वी डॉक्टर अंदाज सांगायचे तो हाताच्या अनुभवावर. 1964 मध्ये चाइल्ड आणि टरकॉट या शल्यविशारदांनी त्याला पहिली शिस्त लावली, 1973 मध्ये प्यू यांनी ती सुधारली, आणि रुग्ण ए, बी, सी अशा तीन वर्गांत बसू लागले. पोटात पाणी किती, भ्रम किती, हे त्यात डोळ्यांनी ठरवायचं असे. एका डॉक्टरला जे "थोडं" वाटे ते दुसऱ्याला "बरंच". मग 2001 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधले पॅट्रिक कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूत्र पुढे आणलं. त्यात माणसाच्या नजरेला जागाच ठेवली नाही. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप, म्हणजे आयएनआर. तीन तपासण्या, तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. त्यातून 6 ते 40 असा आकडा निघतो. त्याला मेल्ड म्हणतात. पुढचे तीन महिने माणूस काढेल का, याचा तो अंदाज. अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीवरच्या रुग्णांचा हिशोब झाला तेव्हा 20 ते 29 गुणांचे साधारण पाचांतले एक, 30 ते 39 गुणांचे साधारण निम्मे, आणि 40 गुणांचे दहातले सात तीन महिन्यांत गेले होते. 2002 पासून तिथे यकृत कुणाला आधी मिळणार हे या आकड्यावर ठरू लागलं. आधी आलेल्याला आधी, हा नियम मागे पडला आणि ज्याचं मरण जवळ त्याला आधी, हा नियम आला.

या सूत्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या मांडणीत आजार कशामुळे झाला यालाही गुण होते. दारूनं की आणखी कशानं, हे त्यात धरलेलं होतं. नंतर लक्षात आलं की त्यानं अंदाजात फारसा फरक पडत नाही, आणि ते कलम काढून टाकलं गेलं. म्हणजे लिव्हरला इजा कशानं झाली हे हा हिशोब विचारतच नाही. आपल्या गावात मात्र पहिला प्रश्न तोच असतो. पोट फुगलेला माणूस एसटीतून उतरला की पारावर निकाल लागून जातो, "पीत असणार." दारूचा थेंब न घेतलेल्या बायका, साखरेनं आणि चरबीनं लिव्हर गेलेली माणसं, जुन्या हिपॅटायटिसचे रुग्ण, सगळ्यांना एकाच पापाच्या यादीत बसवलं जातं. आणि जो खरंच पीत होता, त्याला तर कर्माचं फळ म्हणून सहानुभूतीही मिळत नाही. एका यांत्रिक सूत्रानं माणसाकडे दोष न लावता पाहिलं आणि देवाधर्माचं नाव घेणाऱ्या आपण पाहिलं नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

सूत्र निर्दोष आहे असं कुणी समजू नये. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. बाईच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तिचं मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी आकडा कमी दिसायचा, आणि यादीत ती मागे राहायची. अलीकडच्या तिसऱ्या आवृत्तीत स्त्रियांना 1.33 गुण जास्तीचे दिले, तेव्हा कुठे ही चूक दुरुस्त होऊ लागली. वीस वर्षं बायका त्या चुकीपायी मागे राहिल्या.

आता मुख्य प्रश्न. आकड्याला इतकं कळतं, तर मग "देवाच्या हातात आहे" या वाक्याचं काय करायचं? वॉर्डात ते वाक्य डॉक्टरही बोलतात, नातेवाईकही बोलतात. तुळजापूरचा अंगारा उशाखाली असतोच.

रुग्णालयात दाखल झालेल्यांवर कामतांनी सूत्र तपासलं तेव्हा त्याची अचूकता 0.87 आली. याचा अर्थ असा: दोन रुग्ण घ्या, एक तीन महिन्यांत जाणारा आणि एक राहणारा. जाणाऱ्याला जास्त आकडा मिळण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशी. हे फार मोठं ज्ञान आहे. पण ते समूहाचं ज्ञान आहे. निम्मे जातील हे ते सांगतं, खाट नंबर अकराचा माणूस कोणत्या निम्म्यात आहे हे सांगत नाही. पुष्कळ श्रद्धाळू लोक इथे समाधानानं म्हणतात, ती उरलेली जागा देवाची. मला हे पटत नाही. उद्या सूत्र सुधारलं, सत्त्याऐंशीचे पंच्याण्णव झाले, तर देवाची जागा तेवढी आकसणार का? आणि निम्मे वाचले ते देवानं वाचवले म्हणायचं, तर उरलेल्यांच्या घरच्यांनी काय नवस कमी बोलले होते? मी त्याच वॉर्डात आईच्या पायावर डोकं ठेवून रडलेली दोन्हींकडची माणसं पाहिली आहेत. माझा देव आकड्याच्या फटीत राहत नाही. जगणाऱ्याच्या आणि जाणाऱ्याच्या, दोघांच्याही उशाशी तो आहे एवढीच माझी श्रद्धा आहे, आणि म्हणून आकडा किती अचूक झाला याची मला भीती वाटत नाही.

माझं माहेर तेरचं. तेरणेकाठी गोरोबाकाकांची समाधी आहे, त्या अंगणात मी वाढले. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईनं सांगितलं म्हणून गोरोबांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आमच्याकडे पोरांनाही पाठ असते. पुढे नर्सिंगला गेल्यावर डॉक्टरांना रुग्णाच्या पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकताना पाहिलं. कूस बदलली की आवाज बदलतो, त्यावरून आत पाणी आहे की नाही ते कळतं. मला लगेच काकांचं थापटणं आठवलं. ठोकून आतलं ओळखण्याची विद्या युरोपात आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरनं 1761 मध्ये ग्रंथात मांडली. पण कथेत मला महत्त्वाचं वाटतं ते थापटण्यानंतरचं. नामदेव कच्चे ठरले, आणि मग गुरू करायला औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. परीक्षेनं त्यांची आजची अवस्था सांगितली होती, त्यांच्या नशिबावर शिक्का मारला नव्हता. शिवाय ती त्यांच्या तोंडावर सांगितली गेली होती. पाठीमागे कुजबुजून नव्हे.

सिरॉसिसचा आकडाही असाच वाचायला हवा. तो आजच्या रक्ताचा आहे. दारू कायमची सुटली, हिपॅटायटिस बी किंवा सीचा उपचार झाला, तर तो खाली येतो. 2021 च्या बावेनो परिषदेत तज्ज्ञांनी यकृत पुन्हा सावरण्याची व्याख्याच ठरवली: मूळ कारण गेलेलं, यकृताचं काम स्थिर सुधारलेलं, औषधाशिवाय पोटात पाणी नाही, भ्रम नाही, आणि वर्षभर रक्तस्राव नाही. असे लोक थोडे असतात, पण असतात. आमच्याकडे एक ऊसतोड मुकादम जवळजवळ गेलेलाच धरला होता. त्याला डॉक्टरांनी स्वतः आकडा सांगितला आणि बाटली सुटली तर तो बदलेल हेही सांगितलं. तो नंतर कळंबच्या आठवडी बाजारात मला भेटला, वांगी विकत होता. प्रत्येकाचं असं होत नाही. मास्तरांचं झालं नाही.

मास्तर म्हणजे पोस्टमास्तर. येरमाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात त्यांनी जन्मभर टपाल सांभाळलं. व्यसन कसलंच नाही, साखर मात्र जुनी. पोटातलं पाणी काढायला दाखल झाले. सिरॉसिसच्या रुग्णाला रोज सकाळी वहीत सही करायला लावायची, ही सवय मला एका जुन्या फिजिशियननं लावली होती. लिव्हर थकलं की अमोनियासारखी द्रव्यं रक्तात साठतात आणि मेंदूवर धुकं येतं. ते धुकं बोलण्यात दिसायच्या आधी हातात दिसतं. दोन्ही हात पुढे ताठ करून मनगटं वर वळवायला सांगा, मनगट धरवत नाही, अधूनमधून गळून पडतं आणि परत सावरतं. कागदावर विखुरलेले 1 ते 25 आकडे क्रमानं जोडायला द्या, माणूस आठावर येऊन थबकतो. सही त्याहून सोपी.

मास्तरांची सही देखणी होती. मोडी वळणाचा पहिल्या अक्षराचा फराटा, वर सरळ शिरोरेषा, खाली एक रेघ आणि दोन टिंबं. "बाई, ह्या सहीवर गावानं मनिऑर्डरी सोडवल्या," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. काही दिवस ती तशीच उठत राहिली. मग टिंबं गळली. मग अक्षरं एकमेकांवर चढू लागली. त्याच सुमारास त्यांनी मला विचारलं, "राउंडला डॉक्टरसाहेब माझा काय आकडा म्हणले? मला कुणी काही सांगंना." आकडा 31 होता. सांगण्याचा अधिकार माझा नव्हता, मी डॉक्टरांना निरोप दिला. डॉक्टरांनी मुलांना बोलावलं. थोरल्यानं हात जोडले. "सांगू नका साहेब, धसका घेतील. चार दिवस सुखात जाऊ द्या." डॉक्टरांनी मान डोलावली. मुलं वाईट नव्हती. रात्र रात्र बापाचे पाय चेपत बसायची.

दुसऱ्या दिवशी ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. त्यानंतरच्या सकाळी वहीवर सहीच्या जागी एक रेघ उमटली, खाली उतरत गेलेली, शिरोरेषा आणि खालची रेघ यांत फरकच राहिला नव्हता. दुपारी ते मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले. बहीण आली, विधवा बाई, पायथ्याशी बसून राहिली. ते तिच्याकडे बघत होते आणि तिला शोधत होते. शुद्ध परत आली नाही. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, वडिलांच्या जमिनीवर तिनं भावाला हक्कसोड करून दिली होती, आणि भाऊ म्हणला होता, दीड एकर तुला बक्षीसपत्रानं परत लावून देतो, दिवाळीनंतर बघू. दुय्यम निबंधक गरज पडली तर आजाऱ्याकडे येऊनही नोंदणी करतात. मास्तरांच्या शिरोरेषा सरळ होत्या त्या दिवसांत हे होऊ शकलं असतं. दिवाळीपर्यंत वेळ नाही, हे त्यांना सोडून बाकावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

माझं म्हणणं इथे आहे. कॅन्सरच्या पुष्कळ रुग्णांची शुद्ध अखेरच्या दिवसांपर्यंत टिकते, त्यांना आज नाही तर आठवड्यानं सांगता येतं. सिरॉसिसमध्ये अनेकदा जाणीव आधी जाते आणि जीव मागाहून. इथे "नंतर सांगू" म्हणणं म्हणजे कधीच न सांगणं. ज्याच्या मरणाचा तो अंदाज आहे, त्याला सोडून तो सगळ्यांना मिळतो. असा ऐवज मालकाला न देता घरच्यांनी वाटून घेतला तर आपण त्याला काय म्हणू?

यावर शास्त्राचा आधार देऊन विरोध करणारे भेटतात, आणि त्यांचा आधार खोटा नाही. चरकसंहितेचं इंद्रियस्थान हे अख्खं स्थान, बारा अध्याय, मरणाच्या पूर्वखुणांना वाहिलेलं आहे. तिथे शेवटी वैद्याला बजावलं आहे की खुणा दिसल्या तरी कुणी विचारल्याशिवाय मरण सांगू नये, आणि विचारलं तरी जिथे रुग्णाला किंवा दुसऱ्या कुणाला त्यानं धक्का बसेल तिथे सांगू नये. दयेतून आलेला हा नियम आहे आणि मी तो आदरानं वाचते. पण त्याच चरकानं रोगांचे प्रकार करताना सुखानं बरे होणारे, कष्टानं बरे होणारे आणि सोडून द्यावे लागणारे, यांच्या जोडीला याप्य असा एक वर्ग ठेवला आहे, पथ्यानं आणि औषधानं धरून ठेवायचा. सिरॉसिसच्या पुष्कळ रुग्णांचा काळ या वर्गात जातो. मीठ कमी ठेवायचं, दिवसाला दोन-तीन जुलाब होतील इतकं लॅक्टुलोजचं पातळ औषध रोज घ्यायचं, हे सगळं रुग्णानं स्वतः करायचं असतं. कशासाठी ते माहीत नसेल तर तो जुलाबांना कंटाळून औषध सोडतो आणि आठवड्यात बेशुद्ध होऊन परत येतो. त्याला अंधारात ठेवून त्याचं पथ्य सांभाळता येत नाही. आणि न सांगण्यानं जिला धक्का बसतो, त्या बहिणीचा हिशोब कोण करणार?

दुसरी परंपराही आपल्याच जिल्ह्यात आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला मी एका जैन सहकारी बाईंबरोबर गेले होते. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र. तिथेच आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 च्या ऑगस्टमध्ये सल्लेखना घेतली, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत घेतलं, आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, ऐंशी ओलांडलेला हा साधू. दृष्टी जात चालली होती. दिगंबर मुनीला पावलाखालची मुंगी आणि ओंजळीतल्या अन्नातला जीव दिसलाच पाहिजे, तो दिसेनासा झाला की त्याचं व्रतच मोडतं. उपवास चालू असताना त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित झाला. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची कारणं दिली आहेत: संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि इलाज नसलेला रोग. सल्लेखना योग्य की अयोग्य, यावर 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं बंदीचा निकाल दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्या वादात मी पडत नाही, आणि आजाऱ्यानं अन्न सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. मला त्या परंपरेतली एकच गोष्ट घ्यायची आहे. इलाज नाही हे आधी कळलं पाहिजे, ज्याचं त्याला कळलं पाहिजे, आणि शुद्धीत असताना कळलं पाहिजे. चरक मरणाऱ्याला दुःखापासून जपतो. कुंथलगिरीची टेकडी त्याला स्वतःच्या मरणाचा कर्ता मानते. सिरॉसिसच्या खाटेपाशी मला दुसरी बाजू अधिक धर्माची वाटते.

"सांगितलं की माणूस खचतो" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की न सांगितलेला माणूस खचत नाही का? मास्तर खचले नव्हते, ते विचारत होते. शिवाय आपण जे गोड बोलतो ते अनेकदा आपल्याच आशेनं बोलतो. क्रिस्ताकिस आणि लॅमॉंट या संशोधकांनी 2000 साली अमेरिकेतल्या मरणासन्न रुग्णांच्या डॉक्टरांचे अंदाज तपासले. पाचांतला एकच अंदाज बरोबर निघाला, बहुतेक चुकले ते जास्त दिवस सांगण्याकडे, आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितकी चूक मोठी होती. जीव लागला की नजर चुकते. अशा वेळी तीन तपासण्यांचा कोरडा आकडा डॉक्टरला आधार देतो, फक्त तो माणसानं माणसाला सांगायला हवा. "तुमच्यासारख्या शंभर जणांत तीन महिन्यांनी निम्मेच असतात, तुम्ही कोणत्या निम्म्यात ते मला माहीत नाही, दोन्हींची तयारी करू" हे वाक्य खरं आहे, त्यात आशा आहे, आणि ते बोलायला मिनिटही लागत नाही. बोलणाऱ्यानं खाटेशेजारी स्टूल ओढून बसावं, एवढंच.

कायदाही आता याच बाजूला आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अखेरच्या उपचारांविषयीचं इच्छापत्र मान्य केलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांदेखत ते करता येतं. मात्र करणारा प्रौढ आणि शुद्धीत असला पाहिजे.

तुमच्या घरचं कुणी सिरॉसिसनं दाखल असेल, तर बाकावर "किती दिवस" विचारण्याआधी आत जा. त्यांना विचारा, "तुमच्या आजाराचं तुम्हाला किती कळायला हवं? सगळं, थोडं, की आमच्यावर सोडता?" काहीजण म्हणतील, तुम्हीच बघा. तेही त्यांनी शुद्धीत दिलेलं उत्तर आहे, ते पाळा. पण जे म्हणतील सगळं सांगा, त्यांना डॉक्टरांकडून सगळं सांगवा, त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत.